रोगकारक यीस्ट ओळखण्याच्या पद्धतींची तुलना: परळच्या एका प्रयोगशाळेतील प्रकल्प नोंदी

३ एप्रिल

परळमधील आमच्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत वर्षभरात रक्त, लघवी, योनिस्राव आणि घशाच्या नमुन्यांतून वाढलेली ५४ यीस्ट (एकपेशीय बुरशी) आयसोलेट्स, म्हणजे नमुन्यांतून वेगळी काढलेली यीस्ट, निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याच्या छोट्या बाटल्यांत राखून ठेवली आहेत. त्यांची ओळख वेगवेगळ्या पद्धतींनी पटवायची, निकाल शेजारी-शेजारी मांडायचे आणि जिथे ते जुळणार नाहीत तिथे चूक नेमकी कुठे झाली याचा माग काढायचा, असे या प्रकल्पाचे स्वरूप ठरले आहे.

‘कॅन्डिडा वाढली’ एवढा अहवाल आता पुरत नाही; या यीस्ट गटातली नेमकी प्रजाती कोणती, हे सांगावे लागते. कॅन्डिडा क्रुसेई फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला मुळातच दाद देत नाही, ग्लाब्राटाला नेहमीची मात्रा अनेकदा पुरी पडत नाही, आणि भारतातील अतिदक्षता विभागांत रक्तात सापडणाऱ्या कॅन्डिडांमध्ये ट्रॉपिकॅलिस ही अल्बिकन्सच्या पुढे आहे. त्यामुळे परदेशी पुस्तकांत वाचलेले ‘बहुतेक वेळा अल्बिकन्सच असते’ हे गृहीतक आपल्याकडे धरून चालत नाही.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच दिवशी एक अट घातली: “प्रत्येक पद्धतीची वही वेगळी ठेव, आणि एक वही भरताना दुसरी उघडायची नाही.” एका चाचणीचे उत्तर ठाऊक झाले की दुसऱ्या चाचणीत तेच दिसू लागते, हा त्यांचा अनुभव आहे.

१२ एप्रिल

बाटल्यांतून सॅब्युरो डेक्स्ट्रोज आगर या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर पुनर्वाढ घेतली. तीन बाटल्यांतून काहीच उगवले नाही आणि एकीतून केवळ जिवाणू आले, म्हणजे ५० आयसोलेट्स उरली. त्या तीन बाटल्यांची झाकणे सैल होती आणि आतले पाणी जवळजवळ आटले होते. पाण्यात साठवण ही स्वस्त आणि भरवशाची रीत आहे, पण झाकणाभोवती पॅराफिन फिल्म गुंडाळली नाही तर ती टिकत नाही. आता सर्व बाटल्या नव्याने भरून फिल्मबंद केल्या. नियंत्रण म्हणून, म्हणजे चाचणी नीट चालते का हे तपासायला, एटीसीसी या अमेरिकी सूक्ष्मजीव संग्रहातले ९००२८ (अल्बिकन्स), २२०१९ (पॅराप्सिलोसिस) आणि ६२५८ (क्रुसेई) हे तीन संदर्भ स्ट्रेन (ओळख पक्की असलेले वाण) प्रत्येक फेरीत सोबत चालवायचे असे ठरवले. हा नियम मी पुढे एकदा मोडला आणि त्याची भरपाई दोन आठवड्यांनी करावी लागली. ती नोंद ऑगस्टमध्ये येईल.

१९ एप्रिल

जर्म ट्यूब चाचणीची पहिली फेरी वाया गेली. अल्बिकन्स सीरममध्ये पेशीतून नळी काढते, त्यावरून ती ओळखतात. अर्धा मिलिलीटर सीरममध्ये वसाहतीचा स्पर्श करून ३७ अंशांवर दोन ते तीन तास ठेवायचे, इतकी ही साधी चाचणी आहे. परंतु मी लूप (तारेचे कडे) भरभरून यीस्ट घातले आणि सीरम दुधासारखे गढूळ झाले. पेशींची गर्दी झाली की अल्बिकन्सही नळी काढत नाही. माझा अल्बिकन्सचा संदर्भ स्ट्रेनच ऋण आला, तेव्हा कुठे चूक ध्यानात आली. पुढच्या वेळी लूपऐवजी पाश्चर पिपेटच्या टोकाने वसाहतीला नुसते टेकवले, सीरम जेमतेम धूसर झाले, आणि अडीच तासांत नळ्या स्पष्ट दिसल्या.

२१ एप्रिल

आज क्रमांक ३१ ने फसवले. दुपारी एका तातडीच्या नमुन्यात अडकले आणि सहा नळ्या तीन तासांऐवजी साडेचार तासांनी पाहिल्या. ३१ मध्ये लांब, नळीसारखे फुटवे होते आणि मी वहीत ‘धन’ लिहून मोकळी झाले. मॅडमनी स्लाइड पुन्हा लावली, फोकस थोडा खाली-वर केला आणि म्हणाल्या, “नळी मूळ पेशीतून जिथे निघते, तिथे बघ. कंबर दिसते ना?” खरोखरच दिसत होती. खऱ्या जर्म ट्यूबच्या भिंती समांतर असतात आणि उगमापाशी ती आवळलेली नसते. इथे मात्र दोऱ्याने करकचून बांधल्यासारखी खाच होती. म्हणजे ती नळी नव्हे, लांबट कळी होती, आणि वेळ उलटून गेल्यावर ट्रॉपिकॅलिसमध्ये ती अनेकदा दिसते. आता नळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवतानाच प्रत्येकीवर काढण्याची वेळ लिहिते, आणि ती वेळ चुकली तर ती नळी न वाचता टाकून देते.

५ मे

क्रोमोजेनिक माध्यमाची (यावर वेगवेगळ्या प्रजातींच्या वसाहती वेगळ्या रंगांच्या येतात) संपूर्ण पहिली बॅच मी स्वतः खराब केली. हे माध्यम फक्त उकळायचे असते, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करायचे नसते. डब्यावर तसे ठळक छापलेले असूनही सवयीने फ्लास्क ऑटोक्लेव्हमध्ये गेला, कारण बाकी सारी माध्यमे त्यातूनच निघतात. दुसऱ्या दिवशी अल्बिकन्सचा संदर्भ स्ट्रेन हिरव्याऐवजी मळकट पांढरा आला. सुमारे १,८०० रुपयांची पावडर गेली. आता त्या डब्याच्या झाकणावर लाल मार्करने सूचना लिहिली आहे.

१३ मे

नव्या बॅचवर सर्व ५० आयसोलेट्स झाली. प्लेटा अंधारात ठेवून २४ आणि ४८ तासांनी, असे दोनदा वाचन केले, आणि दोन्ही वाचनांत इतका फरक पडला की २४ तासांच्या नोंदी मी तुलनेतून काढूनच टाकत आहे. २४ तासांना ट्रॉपिकॅलिस फिकट करडी असते. ४८ तासांना तिचा धातूसारखा निळा रंग आणि भोवतीचे काळसर वलय नजरेतून सुटूच शकत नाही. अल्बिकन्सचा हिरवा आणि क्रुसेईचा कोरडा, पसरट, कडेला केसाळ असा गुलाबी हे रंगही खात्रीचे वाटले. अडचण आहे ती उरलेल्यांची. फिकट गुलाबीपासून मलईरंगापर्यंतच्या पट्ट्यात ग्लाब्राटा, पॅराप्सिलोसिस आणि आणखी कितीतरी प्रजाती येतात, आणि तिथे रंगावरून नाव लिहिणे म्हणजे अंदाज बांधणे होय. अशा ११ आयसोलेट्सपुढे मी ‘अनिर्णीत’ लिहिले. क्रमांक ३७ हे त्यांतलेच एक.

या माध्यमाने एक मोठे काम मात्र केले. लघवीतून आलेले क्रमांक २३ हे ‘शुद्ध’ म्हणून वर्षभर साठवलेले होते. प्लेटवर हिरव्या वसाहतींच्या मधोमध बारीक, फिकट गुलाबी वसाहती निघाल्या. साध्या आगरवर दोन्ही पांढऱ्याच दिसतात. त्यांना वेगळे करून २३-अ आणि २३-आ असे क्रमांक दिले, त्यामुळे एकूण संख्या ५१ झाली. इतर कोणतीही चाचणी करण्याआधी आयसोलेट या माध्यमावर एकदा तरी पसरावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

२२ मे

कॉर्नमील आगरवर गेला आठवडा गेला आणि हाती काहीच लागले नाही. ट्वीन ८० हे साबणासारखे द्रव्य घातलेल्या आगरमध्ये चर पाडून यीस्ट रेषेत ओढायचे, त्यावर कव्हरस्लिप ठेवायची आणि दोन-तीन दिवसांनी प्लेटच सूक्ष्मदर्शकाखाली धरून पेशींची मांडणी पाहायची, अशी ही जुनी पद्धत आहे. अल्बिकन्सच्या तंतूंच्या टोकाला जाड भिंतीचे गोल क्लॅमिडोस्पोर यायला हवेत. संदर्भ स्ट्रेनमध्येही एकही आला नाही.

प्रथम मी माध्यमाला दोष दिला, कारण ते आम्ही घरीच केले होते. त्यातही घोळ झालाच होता: सामान आणायला गेलेल्या शिपाई मामांनी लालबागच्या किराणा दुकानातून पांढरे कॉर्नफ्लोअर आणले. ते मक्याचे निव्वळ स्टार्च असते. आपल्याला पिवळे, भरड मक्याचे पीठ हवे. दुसऱ्या खेपेला योग्य पीठ आणून ४० ग्रॅम पीठ एक लीटर पाण्यात ६० अंशांवर तासभर ठेवले, मलमलीतून दोनदा गाळले, आणि त्यात १५ ग्रॅम आगर व १० मिलिलीटर ट्वीन घातले. तरीही क्लॅमिडोस्पोर नाहीत. मग विकतचे तयार माध्यम वापरले. तरीही नाहीत.

२४ मे

कारण सापडले, आणि ते इतके उघड होते की चुटपुट लागून राहिली. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवा असे लिहिले आहे, आणि मी प्लेटा खोलीतल्या टेबलावर ठेवत होते. पुस्तक लिहिणाऱ्याची खोली २२ ते २५ अंशांची होती. आमच्या टेबलावरचा तापमापक आज दुपारी ३३ दाखवत होता आणि रात्रीही तो ३० च्या खाली उतरत नाही. क्लॅमिडोस्पोर २५ अंशांच्या आसपास चांगले येतात आणि ३० च्या वर बहुधा येतच नाहीत. पाण्याच्या तपासणी विभागाच्या बीओडी इनक्युबेटरमधला (खोलीपेक्षा कमी तापमानही राखणारी पेटी) एक कप्पा मागून घेतला आणि तापमान २५ वर लावले.

२९ मे

तिसऱ्या दिवशी संदर्भ स्ट्रेन पाहिला. कव्हरस्लिपच्या कडेला, जिथे हवा कमी पोहोचते तिथे, तंतूंच्या टोकांवर चकचकीत गोल क्लॅमिडोस्पोर द्राक्षांसारखे लगडलेले होते. घरी केलेल्या पिवळ्या पिठाच्या माध्यमावर ते विकतच्या माध्यमाइतकेच छान आले, आणि त्याचा खर्च विकतच्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पडला.

९ जून

कॉर्नमीलवर ५१ आयसोलेट्स वाचून झाली. या एका पद्धतीने मला सर्वांत जास्त शिकवले. क्रुसेईच्या लांबट पेशी काडेपेटी उपडी केल्यावर काड्या पडाव्यात तशा एकमेकींना छेदत पसरतात. ट्रॉपिकॅलिसमध्ये लांब तंतूंवर दूरदूर, एकट्या-दुकट्या कळ्या असतात, तर अल्बिकन्समध्ये त्या पेरापेरांवर घोस करून बसतात. ग्लाब्राटा तंतू करतच नाही, नुसत्या बारीक गोल पेशींचा सडा असतो. क्रमांक ३१ इथे निःसंशय ट्रॉपिकॅलिस निघाले, म्हणजे जर्म ट्यूबच्या बाबतीत मॅडमची नजर खरी ठरली. ३७ मध्येही तंतू नव्हते, लंबगोल पेशी तेवढ्या होत्या, मी ‘ग्लाब्राटा?’ असे लिहून प्रश्नचिन्ह ठेवले, कारण ग्लाब्राटाच्या मानाने त्या पेशी किंचित मोठ्या वाटल्या. ते प्रश्नचिन्ह ठेवले याचे आज समाधान आहे.

२८ जून

शर्करा आत्मसातीकरणाची चाचणी, म्हणजे यीस्ट कोणत्या शर्करा खाऊन वाढते हे पाहणे, सुरू केली आणि पाऊसही सुरू झाला. यीस्ट नायट्रोजन बेस या शर्कराविरहित पोषक पावडरीची बाटली उघडून वजन करेपर्यंत पावडर ओलसर होऊन चमच्याला चिकटू लागली. शर्करेच्या डिस्क फ्रिजमधून काढल्या की त्यांवर दव धरते आणि त्या एकमेकींना चिकटतात. आता डिस्कची डबी बाहेर काढून अर्धा तास न उघडता सिलिका जेलसह ठेवते.

त्याहून मोठा दोष वेगळाच होता. पहिल्या दहा प्लेटांवर सर्वच डिस्कांभोवती, अगदी कोऱ्या डिस्कभोवतीही, धूसर वाढ आली, म्हणजे यीस्टला कुठून तरी अन्न मिळत होते. दोन कारणे निघाली: आमच्या साध्या आगरमध्ये शर्करेचा अंश होता, आणि पेशी मी थेट सॅब्युरोवरून उचलत होते, त्यामुळे त्या पोट भरूनच आलेल्या होत्या. शुद्धीकृत आगर मागवला, पेशी निर्जंतुक पाण्यात दोनदा धुतल्या आणि घनता कमी केली. मग कोऱ्या डिस्कभोवतीचा भाग स्वच्छ राहिला. दहा प्लेटा आणि बारा दिवस गेले.

१२ जुलै

निकाल नीट वाचता आले. क्रुसेईने फक्त ग्लुकोज घेतले. ग्लाब्राटाने ग्लुकोज आणि ट्रेहॅलोज, आणखी काही नाही. आणि इथे ३७ ने ग्लाब्राटाचा वेश टाकला, कारण त्याने सुक्रोज आणि माल्टोजही घेतले. घशाच्या एका नमुन्यातले यीस्ट इनॉसिटॉल घेणारे आणि युरिएज धन (युरिया तोडणारे) निघाले. ते कॅन्डिडा नव्हे, क्रिप्टोकॉकस हे दुसरे रोगकारक यीस्ट असण्याचा संभव म्हणून लगेच बंद कॅबिनेटमध्ये हलवले.

२० जुलै

कुर्ला-सायनदरम्यान रुळांवर पाणी आल्याने काल प्रयोगशाळेत पोहोचता आले नाही आणि ४८ तासांच्या प्लेटा ७२ तासांच्या झाल्या. त्या आठ प्लेटा मी पुन्हा लावल्या. पावसाळ्यात मुंबईत वेळेवर वाचायच्या चाचण्या सुरू करताना जवळ राहणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवणे, हाही आता माझ्या कार्यपद्धतीचा भाग आहे.

२७ जुलै

यीस्ट ओळखणाऱ्या स्वयंचलित यंत्रावर ३० आयसोलेट्स चालवली; एका आयसोलेटच्या चाचणी-कार्डामागे आम्हाला सुमारे ९०० रुपये पडले, म्हणून सर्व ५१ चालवणे शक्य नव्हते. साधारण १८ तासांत उत्तर मिळते आणि नेहमीच्या प्रजातींमध्ये ते कॉर्नमील-शर्करा जोडीशी जुळले. विलगीकरणाआधीच्या मूळ, मिश्र २३ चेही एक कार्ड मुद्दाम चालवले. यंत्राने ‘कमी भेदक्षमता’ असे उत्तर दिले. अर्थात यंत्राला दोष नाही, दोन जिवांना मिळून एक नाव कोण देणार?

३७ ला यंत्राने ‘कॅन्डिडा हेमुलोनी’ म्हटले, तेही चांगल्या संभाव्यतेने. मी ते वहीत उतरवले आणि मॅडमना दाखवले. त्या खुर्चीतून उठल्या. “४२ अंशांवर आजच्या आज लाव,” एवढेच म्हणाल्या.

२९ जुलै

४२ अंशांवर ३७ जोमाने वाढले. हेमुलोनी त्या तापमानाला वाढत नाही. संशय आता एकाच प्रजातीवर होता: कॅन्डिडा ऑरिस. २००९ मध्ये जपानमधील एका रुग्णाच्या कानातून तिचे प्रथम वर्णन झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या यादीत तिला बुरशीजन्य रोगकारकांच्या सर्वोच्च, अतिगंभीर गटात ठेवले. यंत्राच्या जुन्या माहितीसाठ्यात ती नसली की ते जवळचे नाव, म्हणजे हेमुलोनी, देते. आमच्या यंत्रातील साठा जुनाच होता.

११ ऑगस्ट

पीसीआरकडे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याकडे, वळले. आयटीएस १ आणि आयटीएस ४ प्राइमर (तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे छोटे डीएनए धागे) वापरून मिळालेला तुकडा एमएसपी-१ या एन्झाइमने कापायचा आणि जेलवर तुकड्यांचे आकार पाहायचे. अल्बिकन्सचा ५३५ बेस-जोड्यांचा तुकडा २९७ आणि २३८ असा फुटतो, ट्रॉपिकॅलिसचा ५२४ चा ३४० आणि १८४ असा, ग्लाब्राटाचा ८७१ चा ५५७ आणि ३१४ असा. पॅराप्सिलोसिसचा ५२० चा तुकडा मात्र कापलाच जात नाही.

हाच सापळा होता. आजच्या फेरीत जेलमध्ये जागा वाचवायला मी संदर्भ स्ट्रेन घेतले नाहीत, आणि नऊ आयसोलेट्स न कापलेली दिसली म्हणून नऊही ‘पॅराप्सिलोसिस’ लिहिली. ५३५ आणि ५२० हे जेलवर डोळ्यांना सारखेच दिसतात.

२५ ऑगस्ट

वह्या ताडल्यावर कळले की त्या नऊपैकी सहा अन्य सर्व पद्धतींनी अल्बिकन्स होती. एन्झाइम मेले होते. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये ते ठेवले गेले होते आणि दररोजच्या तापमानाच्या चढ-उतारात त्याची शक्ती गेली. सुमारे ४,५०० रुपयांचे नवे एन्झाइम आणून संपूर्ण फेरी अल्बिकन्सच्या नियंत्रणासह पुन्हा केली. सहा नीट कापली गेली, तीन खरोखरच पॅराप्सिलोसिस राहिली. पुढे काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: क्रुसेईचे २६१ आणि २४९ हे तुकडे १.५ टक्के जेलवर एकच जाड पट्टी म्हणून दिसतात, त्यांना अर्धवट कापलेले समजू नये. ३७ चा मूळ तुकडा या सर्वांहून आखूड निघाला आणि तक्त्यातील कोणत्याही आकृतीत बसला नाही.

८ सप्टेंबर

शहरातील एका मोठ्या संस्थेने मॅल्डी-टॉफवर, म्हणजे प्रथिनांच्या वस्तुमानांवरून प्रजाती ओळखणाऱ्या यंत्रावर, एक दिवस दिला. पहिल्या २० ठिपक्यांना विश्वासार्ह गुण मिळाले नाहीत, कारण मी वसाहत थेट जाडसर लावली होती. यीस्टची भिंत जिवाणूपेक्षा चिवट असते. पातळ लेपावर ७० टक्के फॉर्मिक आम्लाचा एक मायक्रोलीटर थेंब टाकून वाळवले, वर मॅट्रिक्स (लेसरची ऊर्जा शोषणारे रसायन) घातले, आणि बहुतेकांचे गुण २.० च्या वर गेले. प्रत्येक आयसोलेटला मिनिटे लागली. ३७ ला यंत्राने ऑरिस म्हटले.

१९ सप्टेंबर

वादातील सात आयसोलेट्सचा आयटीएस अनुक्रम (त्या डीएनए तुकड्यातील अक्षरांचा क्रम) आला, प्रत्येकी सुमारे ८०० रुपयांत. ३७ निश्चितपणे कॅन्डिडा ऑरिस आहे. क्रमांक १२ बाबत मी ४५ अंशांवर वाढ न झाल्याने डब्लिनिएन्सिसचा (अल्बिकन्सची जवळची, पण ४५ अंशांवर न वाढणारी प्रजाती) संशय घेतला होता. ते साधे अल्बिकन्स निघाले, आणि त्या इनक्युबेटरमध्ये स्वतंत्र तापमापक ठेवल्यावर तबकडीवरच्या ४५ ला आत ४७ असल्याचे दिसले. एमएसपी-१ या दोघांत फरक करू शकत नाही, म्हणून अनुक्रमाशिवाय हा संशय मिटला नसता.

२७ सप्टेंबर

कोणत्या प्रयोगशाळेने काय वापरावे, असे आता मला अनेक जण विचारतात. माझ्या अनुभवात, यंत्र नसलेल्या ठिकाणी क्रोमोजेनिक प्लेट, २५ अंशांवरचे कॉर्नमील आणि थोड्या शर्करा ही जोडणी बहुतेक आयसोलेट्स सोडवते, पण त्यासाठी तीन ते पाच दिवस लागतात आणि रक्तातील यीस्टसाठी तो काळ जास्त आहे. मॅल्डी-टॉफ उपलब्ध असेल तर तिकडेच आधी जावे. यंत्राने हेमुलोनी म्हटले तर तो अहवाल ४२ अंशांच्या प्लेटशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. आमच्याकडे आता तसा लेखी नियम आहे.

तो नियम उशिरा आला. ३७ हे आठ महिन्यांपूर्वीच्या एका रुग्णाच्या रक्तातील आहे आणि आमच्याच प्रयोगशाळेने तेव्हा ते हेमुलोनी म्हणून कळवले होते. शेजारच्या खाटांवरील रुग्णांची त्या वेळी तपासणी झाली नाही. ही प्रजाती कातडीवर आणि खाटेच्या कठड्यांवर आठवडेच्या आठवडे टिकते, हे मला झोप लागू देत नाही.

४ ऑक्टोबर

संसर्ग नियंत्रण चमूने त्या कक्षातील सध्याच्या ११ रुग्णांच्या काखेतून आणि जांघेतून स्वॅब घेतले. खाटा क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसून घेतल्या. स्वॅब १० टक्के मीठ आणि डल्सिटॉल (शर्करेसारखे द्रव्य) असलेल्या सॅब्युरो ब्रॉथमध्ये ४० अंशांवर ठेवले आहेत. या वेळी इनक्युबेटरच्या आत दोन तापमापक आहेत.

९ ऑक्टोबर

आज पाचवा दिवस. दहा नळ्या स्वच्छ आहेत. चौथ्या खाटेच्या नळीत तळाशी किंचित धूसरपणा आहे; तिच्यातून क्रोमोजेनिक प्लेटवर रेषा ओढून ४२ अंशांवर ठेवली आहे. वाचन ४८ तासांनी, ११ तारखेला दुपारी तीन वाजता, आणि ती वेळ प्लेटवर लिहिली आहे.